रक्तकर्करोगाच्या निदानात जनुक-तपासणी

परभणी जिल्ह्यातील जिंतूर किंवा गंगाखेडसारख्या तालुक्यात एखाद्या प्रौढ व्यक्तीस ताप येतो, थकवा वाढतो, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळसर डाग उठतात. ही लक्षणे पुष्कळदा साध्या तापाची वा अशक्तपणाची समजली जातात. तीव्र रक्तकर्करोगात मात्र एकेक दिवस मोलाचा असतो. रक्त-तपासणीत पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या वा घटलेल्या आणि प्लेटलेट कमी आढळल्यास रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात पाठविणे आवश्यक ठरते.

सूक्ष्मदर्शकातून पेशींचे रूप कळते. परंतु दिसण्यात सारख्या पेशींतही जनुकांतील बिघाड निरनिराळे असू शकतात आणि उपचार त्यांवर अवलंबून असतात. प्रोमायलोसायटिक प्रकारात १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलतात, हे अमेरिकेतील जॅनेट राउली यांनी १९७७ मध्ये दाखविले. या प्रकारात प्राणघातक रक्तस्रावाचा धोका असतो; तथापि रेटिनॉइक आम्ल व आर्सेनिक ट्रायऑक्साइड ही औषधे वेळेवर मिळाल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात. म्हणून संशय येताच, जनुक-तपासणीचा निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच, रेटिनॉइक आम्ल सुरू केले जाते. लिम्फॉइड प्रकारात 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' आढळल्यास केमोथेरपीस इमॅटिनिबसारख्या गोळ्यांची जोड दिली जाते.

रक्ताचा व अस्थिमज्जेचा नमुना शक्यतो उपचारापूर्वीच घ्यावयाचा असतो. निदानाआधी अंदाजाने दिलेल्या स्टेरॉइडमुळे काही रुग्णांत रोगाचे खरे स्वरूप झाकले जाते. पहिल्या नमुन्यात सापडलेली जनुकीय खूण पुढेही उपयोगी पडते. उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसेनासा झाला, तरी सूक्ष्म तपासणीने दहा हजार पेशींतील एखादी रोगट पेशीही शोधता येते. अशा पेशी उरल्या असल्यास उपचार वाढवावे लागतात किंवा अस्थिमज्जा-रोपणाचा विचार करावा लागतो.

मराठवाड्यातील रुग्णांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार समाविष्ट आहेत, याची माहिती योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्राकडून मिळते.

हा रोग संसर्गजन्य नाही. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी हे गावात समजावून सांगितले, रुग्णास वेळेवर पाठविण्यास मदत केली आणि बरे वाटू लागल्यावरही फेरतपासणी चुकू दिली नाही, तर अनेक कुटुंबांचा आधार टिकून राहील.