दाराच्या अलीकडे पाहा

सेनेगलमधलं गोरे बेट, घानातले एल्मिना आणि केप कोस्ट हे किल्ले, बेनिनमधलं विदा. अटलांटिकपार नेलेल्या गुलामांच्या आठवणी जपणारी ही ठिकाणं पाहायला गेलं की पाहणी बहुतेक एका दारापाशी येऊन संपते. यातून गेलेला माणूस परत आला नाही, असं तिथे सांगतात आणि ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो. जाऊ इच्छिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की त्या दाराला पुरावा मानून मागे फिरू नका. ते दार शोक करण्यासाठी आहे आणि त्या कामापुरतं ते शंभर टक्के खरं आहे. पण किती माणसं गेली, ती कुठून आणली, कुणी धरली, कशाच्या बदल्यात विकली, यातलं काहीच ते सांगू शकत नाही.

गोरे बेटाचंच पाहा. १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं हे बेट. तिथल्या ‘गुलामांच्या घरा’ला नेल्सन मंडेला, पोप जॉन पॉल दुसरे, बराक ओबामा भेट देऊन गेले. या घराचे दीर्घकाळ व्यवस्थापक असलेले बुबाकार जोसेफ न्दिआये यांनी या दारातून दहा लाखांहून अधिक गुलाम गेले, असं आयुष्यभर सांगितलं. फिलिप कर्टिन यांच्यासारख्या इतिहासकारांनी ते खोडून काढलं. घर १७७६ च्या सुमारास बांधलेलं, एका श्रीमंत आफ्रो-युरोपीय कुटुंबाचं. समुद्राकडच्या दाराबाहेर खडक आहेत, तिथे जहाज लागणं कठीण. जहाजांच्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार संपूर्ण बेटावरून गेलेल्यांची संख्या तेहतीस हजारांच्या आसपास येते. म्हणजे ते घर खोटं ठरलं का? मुळीच नाही. घरकामाला गुलाम ठेवणारे व्यापारी अशाच घरांत राहत. पण शोकस्थानाला आकडेवारीचा आधार मानलं, की एक दिवस कुणीतरी आकडा खोडतो आणि आकड्याबरोबर दुःखही खोडल्याचा आव आणतो.

यावर मला नेहमी एकच आक्षेप ऐकू येतो: जिथे लोक रडताहेत तिथे हिशेब कसले मांडता? आक्षेप भावनेने बरोबर आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. हिशेब तिथे उभं राहून मांडू नये, निघण्याआधी घरी मांडावा. ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ हा इंटरनेटवरचा संग्रह कुणालाही विनामूल्य पाहता येतो. त्यात सुमारे ३६,००० सफरींच्या नोंदी आहेत. त्यांवर आधारलेला अंदाज असा, की सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे उतरली. मधल्या अठरा लाखांचं काय झालं हे सांगायला अतिशयोक्तीची गरज नाही. खरा आकडाच इतका भीषण आहे, की तो फुगवणं म्हणजे त्या माणसांवर आणखी एक अन्याय करणं आहे.

दुसरा भ्रम दगडांचा. जिथे मोठा किल्ला उभा, तिथे व्यापार मोठा, असं डोळ्यांना वाटतं. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला तो सोन्यासाठी. सुरुवातीच्या काळात तर त्यांनी जुन्या बेनिन राज्याच्या बाजूकडून गुलाम आणून इथल्या सोन्याच्या व्यापाऱ्यांना विकले! १६३७ मध्ये डचांनी किल्ला घेतला, त्यानंतर त्याच्या कोठड्यांचा मुख्य उपयोग माणसं कोंडण्यासाठी होऊ लागला. सगळ्यांत जास्त माणसं गेली ती मात्र आणखी दक्षिणेकडून, लुआंडा आणि काँगोच्या किनाऱ्यावरून, जवळजवळ निम्मी. तिकडे प्रवासी क्वचितच वळतात. विदा ज्या किनारपट्टीवर आहे, त्या सगळ्या पट्टीवरून वीस लाखांच्या आसपास माणसं नेली गेली, तरी विदाच्या वाळूवर आज उभी असलेली कमान १९९० च्या दशकातली आहे.

किल्ल्यात शिरल्यावर वेळ द्यावा तो बांधणीला. एल्मिनात एका कोठडीच्या दारावर कवटी आणि हाडं कोरलेली आहेत. बंड करणाऱ्याला आत टाकून मरू देत. शेजारीच शिस्त मोडणाऱ्या सैनिकांची कोठडी आहे, तिला मात्र हवेची सोय आहे. दोन दारांमधला हा फरक कुठल्याही निवेदनापेक्षा जास्त बोलतो. केप कोस्टला पुरुषांच्या तळघराच्या वर प्रार्थनागृह होतं. एल्मिनातच १८९६ मध्ये ब्रिटिशांनी आशांतींचा राजा प्रेम्पे पहिला याला कैदेत ठेवलं आणि पुढे सेशेल्सला हद्दपार केलं. त्यामुळे घानाच्या माणसाला हा किल्ला वेगळंही काही सांगतो. अमेरिकेतून आलेल्या वंशजाला तो पूर्वजांचं थडगं वाटतो. १९९० च्या दशकात किल्ल्यांची डागडुजी आणि रंगकाम झालं, तेव्हा या दोन नजरांत मोठा वाद झाला. आपण तिसरे. वंशजांचा गट तळघरात असेल तर बाहेर थांबावं, कॅमेरा पिशवीत ठेवावा, दारात उभं राहून हसरा फोटो तर काढूच नये. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न वाटाड्याला जरूर विचारावा, पण नंतर, बाजूला घेऊन.

आणि किनाऱ्यावर थांबू नये. केप कोस्टहून कुमासीच्या रस्त्यावर सुमारे चाळीस किलोमीटरवर आसिन मान्सो आहे. उत्तरेकडून, सालागाच्या बाजारातून चालवत आणलेल्यांना इथल्या नदीत शेवटची आंघोळ घालत. १९९८ मध्ये जमैकातून एका स्त्रीचे आणि अमेरिकेतून एका पुरुषाचे अवशेष आणून इथे पुरले. बेनिनमध्ये विदाबरोबर दाहोमी राज्याची राजधानी आबोमे इथले राजवाडे पाहावेत, कारण तिथल्या राजांनी १७२७ मध्ये विदा जिंकलं आणि युद्धकैदी विकून राज्य वाढवलं. हे सांगितलं की कुणी म्हणतं, ‘म्हणजे आफ्रिकनांनीच आफ्रिकनांना विकलं, मग युरोपचा दोष काय?’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. जहाजं, भांडवल, बंदुका आणि उसाच्या मळ्यांची न संपणारी मागणी युरोपीयांची होती. त्या मागणीने लढायांनाच धंदा बनवलं. दाहोमीचा राजा आणि लंडनचा भागधारक दोघेही जबाबदार आहेत, आणि एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या खात्यातून वजा होत नाही. बेनिनचे अध्यक्ष केरेकू यांनी १९९९ मध्ये आपल्या लोकांच्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली.

तयारीचं थोडं. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावं. घानात शिरताना तर ते लागतंच, पण परतताना भारतातही मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं.

शेवटचा आक्षेप आपल्याकडचाच: ‘हे गोऱ्यांचं आणि काळ्यांचं, आपला काय संबंध?’ संबंध आहे. युरोपीय जहाजं गुलामांच्या बदल्यात जो माल देत, त्यात अठराव्या शतकात कापडाचा वाटा फार मोठा होता आणि त्यातलं पुष्कळसं कोरोमंडल किनाऱ्यावर आणि गुजरातेत विणलेलं होतं. विदात माणसाची किंमत कवड्यांत मोजत. भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात असतात तशाच त्या कवड्या मालदीवहून निघून, हिंदी महासागरातल्या बंदरांतून लंडन आणि ॲमस्टरडॅमला जात आणि तिथून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरत. आपल्या विणकरांना ते कापड कुठे जातंय हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण पाहायला जाणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं. म्हणून संग्रहालयात व्यापारी मालाचं दालन दिसलं, तर दाराकडे जायच्या घाईत ते ओलांडू नका. कापडाच्या तुकड्यांपाशी थांबा आणि ते कुठून आलं याची नोंद वाचा. नोंद नसेल तर विचारा.