बालकांतील कुलज चयापचय-विकार आणि यकृत-प्रत्यारोपण : वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी जाणून घ्यावयाच्या बाबी

बालकाच्या यकृतविकाराचा विषय निघाला की कामला, यकृतवृद्धी व उदर ही चित्रे आपल्यापुढे प्रथम उभी राहतात. परंतु असाही एक व्याधिसमूह आहे, की ज्यात यकृत स्पर्शाला प्राकृत लागते, सोनोग्राफीत निर्दोष दिसते, आणि तरीही त्याच यकृतातील उणिवेमुळे बालकाचा मेंदू, वृक्क अथवा हृदय यांचा नाश होत असतो. अशा काही विकारांत यकृत बदलणे हीच मूलगामी चिकित्सा ठरली आहे. ही शस्त्रक्रिया आपल्या कक्षेतील नाही हे उघड आहे. मात्र असे बालक पुष्कळदा प्रथम येते ते गावातील वैद्याकडेच. ते वेळेत योग्य ठिकाणी पोहोचते की नाही, हे त्या पहिल्या भेटीवर अवलंबून असते. म्हणून या विषयाची ओळख आपणांस असणे अगत्याचे आहे.

व्याधीचे स्वरूप

सुश्रुताचार्यांनी व्याधींचे जे सात प्रकार वर्णिले, त्यांत आदिबलप्रवृत्त व्याधींना पहिले स्थान आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचार आलेला आहे. आधुनिक शास्त्राच्या भाषेत, एका जनुकातील दोषामुळे विशिष्ट एन्झाइम तयार होत नाही किंवा निरुपयोगी स्वरूपात तयार होते. परिणामी एखादे द्रव्य शरीरात साचून विषवत् कार्य करते. बहुतेक विकारांत माता व पिता दोघेही वाहक, पण स्वतः निरोगी असतात, आणि प्रत्येक अपत्यास व्याधी होण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल असलेल्या भागांतील वैद्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

येथे धात्वग्नीची तुलना मनात येणे स्वाभाविक आहे. समजुतीपुरती ती उपयुक्तही आहे. परंतु ती फार ताणू नये. मंद झालेला अग्नी दीपन-पाचनाने प्रदीप्त होतो. या बालकांत तो विशिष्ट अग्नी मुळातच नसतो. जे नाही ते प्रदीप्त करणार कसे? प्रत्यारोपणाचे महत्त्व याच प्रश्नात दडलेले आहे.

प्रत्यारोपण कोणत्या विकारांत?

या विकारांचे दोन गट करता येतात. पहिल्या गटात यकृत स्वतःच नष्ट होते. विल्सनचा व्याधी, टायरोसिनेमिया प्रकार १ व ग्लायकोजेन-संचयाचा प्रकार ४ ही त्याची उदाहरणे. विल्सनच्या व्याधीत ताम्र यकृतात व मेंदूत साचते. वेळीच निदान झाल्यास पेनिसिलामीन व जस्त यांच्या साहाय्याने बहुतेक रुग्णांची शस्त्रक्रिया टळते. यकृत अकस्मात निकामी झाल्यास मात्र प्रत्यारोपणावाचून गत्यंतर नसते. टायरोसिनेमियात १९९२ मध्ये निटिसिनोन या औषधाचा उपयोग प्रसिद्ध झाल्यापासून प्रत्यारोपणाची गरज पुष्कळ कमी झाली आहे.

दुसऱ्या गटात यकृताची रचना उत्तम, पण एक कार्य शून्य असते. युरिया-चक्राच्या विकारांत रक्तातील अमोनिया वाढून मेंदूस सूज येते. क्रिग्लर-नज्जार प्रकार १ मध्ये बिलिरुबिन मेंदूत जाण्याचा धोका जन्मभर राहतो. बालकास रोज दहा-बारा तास निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागते आणि वय वाढते तसा त्या प्रकाशाचा प्रभाव घटत जातो. प्राथमिक हायपरऑक्झाल्युरियात वृक्क अश्मरीने निकामी होतात. मेपल सिरप व्याधीत मूत्रास करपलेल्या साखरेसारखा गंध येतो व बालक निपचित पडते.

दोष यकृतात आणि घात अन्यत्र, या तत्त्वाचा ठसठशीत पुरावा १९८४ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे मिळाला. जन्मजात अतिकोलेस्टेरॉलमुळे हृदय निकामी झालेल्या सहा वर्षांच्या मुलीस हृदय व यकृत एकाच वेळी बसविण्यात आले. एक हजाराच्या पुढे असलेले कोलेस्टेरॉल नव्या यकृतामुळे काही आठवड्यांत तीनशेच्या आसपास उतरले.

शस्त्रक्रियेचा विकास व मर्यादा

१९६३ साली डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी मनुष्यातील पहिले यकृत-प्रत्यारोपण केले. तो रुग्ण तीन वर्षांचा बालक होता व तो वाचू शकला नाही. पुढे सायक्लोस्पोरीन व टॅक्रोलिमस ही औषधे आल्यावर या शस्त्रक्रियेस खरे स्थैर्य लाभले. भारतात १९९८ साली दिल्ली येथे वीस महिन्यांच्या बालकावर पहिले यशस्वी बाल-प्रत्यारोपण झाले. त्याचा व्याधी पित्तमार्ग-अवरोधाचा होता आणि यकृताचा अंश पित्याने दिला होता.

लहान बालकास प्रौढाच्या यकृताचा डावीकडील छोटा भाग पुरतो. दात्याचे उर्वरित यकृत काही महिन्यांत बव्हंशी पूर्ववत् आकारास येते. वाहक माता-पित्यांचे यकृत बहुधा चालते, कारण निम्मे एन्झाइमही कार्यास पुरेसे होते. अपवाद युरिया-चक्रातील ओटीसी विकाराचा. तो मातेकडून पुत्रास येतो. म्हणून मातेस दाता ठरविण्यापूर्वी विशेष तपासणी करावी लागते. १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबांचाही निकटच्या नातलगांत समावेश झाला आहे.

अनुभवी केंद्रांत शस्त्रक्रियेनंतर एक वर्ष पूर्ण करणाऱ्या बालकांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. तथापि ही चिकित्सा म्हणजे पूर्ण मुक्ती असे पालकांस सांगू नये. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बहुतेकांना आजन्म घ्यावी लागतात. प्रोपिओनिक व मिथिलमॅलोनिक विकारांत एन्झाइमचा अभाव इतर अवयवांतही असल्याने दोष केवळ अंशतः सुधारतो. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, मेंदूची जी हानी आधी झालेली असते, ती नव्या यकृताने भरून येत नाही. वेळेचे मोल येथे आहे.

वैद्याने काय ओळखावे?

१. जन्मतः निरोगी बालक काही दिवसांत स्तनपान सोडते, वारंवार वमन करते, सुस्त होते, श्वास जलद चालतो.
२. प्रत्येक ज्वरात वा उपवासानंतर बालक अवाजवी तंद्रेत जाते.
३. पूर्वीचे भावंड अज्ञात कारणाने दगावल्याचा इतिहास मिळतो.
४. नवजात कामला दोन आठवड्यांनंतरही टिकते. तिळाच्या पेंडीसारखा फिकट मल व गडद मूत्र असल्यास पित्तमार्ग-अवरोधाचा संशय घेऊन त्याच दिवशी बालक पाठवावे.
५. पाच वर्षांपुढील मुलात कामला वा उदर, त्यासोबत हस्ताक्षर बिघडणे, बोलण्यात अडखळणे, स्वभाव पालटणे.

पहिल्या तीन प्रसंगी रक्तातील अमोनिया, शर्करा व आम्लता यांची तपासणी तातडीने होईल अशा रुग्णालयात बालकास पाठवावे. पाचव्या प्रसंगी सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या मूत्रातील ताम्र व नेत्रपरीक्षण करवून घ्यावे. विल्सनचे निदान झाल्यास सर्व भावंडांची तपासणी आवश्यक आहे.

काय टाळावे?

लंघन हे ज्वरातील आपले प्रथम साधन. पण युरिया-चक्राच्या व सेंद्रिय आम्लांच्या विकारांत उपवासाने शरीरातील मांसधातूच जळू लागतो आणि विष वाढते. अशा संशयित बालकास लंघन वा विरेचन देऊ नये. उलटपक्षी कृश म्हणून दूध, अंडी, डाळी यांचे बृंहणही स्वतःच्या अंदाजाने करू नये. फ्रुक्टोज न पचण्याच्या कुलज विकारात मध, साखर व फळे ही विषासमान होत. तेथे मधाचे अनुपान किंवा सितोपलादी हितकर नाही.

आरोग्यवर्धिनी आपण यकृतविकारांत सर्रास योजतो. तिच्यात ताम्रभस्म असते, हे आपणां सर्वांस ज्ञात आहे. विल्सनचा व्याधी वगळल्याशिवाय मोठ्या मुलाच्या यकृतविकारात ताम्रयुक्त कल्प देऊ नये व तांब्याच्या भांड्यातील पाणीही बंद करावे.

औषधविक्रेत्यांसाठी

प्रत्यारोपण झालेल्या बालकाच्या रक्तातील टॅक्रोलिमसचे प्रमाण अत्यंत अरुंद मर्यादेत राखावे लागते. उत्पादक कंपनी परस्पर बदलून देऊ नये. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल व पपनस-वर्गातील काही फळे हे प्रमाण वाढवितात. रिफाम्पिसिन व फेनिटॉइन ते घटवितात. पिप्पली व मरिच यांतील पायपेरीन अशा औषधांच्या विघटनात अडथळा आणू शकते, म्हणून त्रिकटू व च्यवनप्राशही येथे निरुपद्रवी मानू नयेत. गुडूची, अश्वगंधा यांसारखी रसायने प्रतिकारशक्तीस चेतवितात अशी आपलीच धारणा आहे. ज्या बालकात ती शक्ती हेतुतः दाबून ठेवली आहे, तेथे ही द्रव्ये प्रत्यारोपण-केंद्राच्या संमतीवाचून देणे युक्त नाही. वेदनाशामकेही परस्पर देऊ नयेत. वृक्कांवर भार पडतो.

आर्थिक साहाय्य

खर्चाच्या धास्तीने पालक मागे फिरतात. त्यांना सांगावे की २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ व्याधी धोरणात टायरोसिनेमिया, मेपल सिरप व्याधी, युरिया-चक्राचे विकार व सेंद्रिय आम्लांचे विकार यांतील यकृत-प्रत्यारोपणाचा पहिल्या गटात समावेश आहे. २०२२ पासून साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत आहे. नियुक्त केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे.

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या प्रकरणात कुलज विकारांना असाध्य म्हटले. त्यांतील काही आज शस्त्रकर्माने साध्यतेच्या कक्षेत आले आहेत. साध्यासाध्य-विवेक हा वैद्याचा पहिला गुण मानला, तर त्या विवेकाची सीमारेषा कोठे सरकली आहे, याचे भान ठेवणे हेही आपले कर्तव्यच ठरते. संशय येताच पत्र लिहून बालक पुढे पाठविणारा वैद्य त्या कुटुंबाचा विश्वास गमावीत नाही. तो दृढच करतो.