पहिलाच एकटीचा प्रवास

प्रश्न : मी २४ वर्षांची, साताऱ्याची. एकटीच कोचीला जायचंय. हॉस्टेलमध्ये राहिलं तर चालेल का? आईला धाकधूक वाटते.

उत्तर : खुशाल राहा. फोर्ट कोची पहिल्या खेपेला उत्तम, पायी फिरण्याजोगं. फक्त मुलींची डॉर्म घ्या आणि अभिप्राय वाचताना एकट्या राहिलेल्या बायकांचे आधी वाचा. खालचा पलंग मागून घ्या. वरच्यावर रात्री चढताना शिडी करकरते आणि पाचजणी जाग्या होतात! लॉकर असतं, कुलूप असेलच असं नाही. घरचं छोटं कुलूप न्या. पहाटे प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर सगळ्या खोलीला छळते, म्हणून सकाळचे कपडे रात्रीच उशाशी काढून ठेवा. आधारकार्ड सोबत हवंच.

पोहोचायचं ते दिवसाउजेडी. एर्नाकुलमच्या जेट्टीवरून फोर्ट कोचीला सरकारी बोट मिळते. रिक्षापेक्षा कितीतरी स्वस्त, शिवाय बंदर बघायला मिळतं. मट्टनचेरीचं १५६८ सालचं सिनेगॉग शनिवारी बंद असतं, तो दिवस मासेमारीच्या चिनी जाळ्यांना द्या.

आईला हॉस्टेलचा पत्ता, फोन लिहून द्या. रोज रात्री नऊला फोन करायचं कबूल करा. तासातासाला मात्र नको.