चॉकलेट सिरीयल घरच्या घरी, साखर न घालता : एक पाठ आणि एक पाककृती



सकाळची शाळा असली की साडेसहाला उठवलेलं पोर सातला व्हॅनमध्ये बसतं. मधल्या अर्ध्या तासात पोहे-उपमा करून भरवणं प्रत्येक घरात जमतंच असं नाही. मग वाटीत दूध, त्यात पाकिटातलं चॉकलेटचं सिरीयल, दोन मिनिटांत काम होतं. मूलही कुरकुर न करता खातं. यात आईबाबांना दोष देण्यासारखं काही नाही. पण सहावीला शेकडेवारी शिकवताना हेच पाकीट मी साहित्य म्हणून वर्गात नेते, आणि तास संपता संपता कोणीतरी विचारतंच, "बाई, हे घरी करता येईल का?"

येतं. ओव्हन नसला तरी येतं. मात्र आधी पाकीट आणि मग कढई, हा क्रम मोडू नका. आकडेमोड न करता नुसता पदार्थ समोर ठेवला तर मुलांच्या लेखी तो "दुकानातल्यासारखा न लागणारा खाऊ" एवढाच राहतो.

आधी पाकीट वाचू

रिकामं पाकीट घरून आणायला सांगा. कोणत्याही कंपनीचं चालेल. पुढची बाजू झाकून ठेवायची, कारण तिथे चित्रं असतात. आपल्याला मागची बाजू हवी. तिथे दोन गोष्टी शोधायच्या.

पहिली, घटक पदार्थांची यादी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. साखर कितव्या नंबरवर आहे ते मुलांना बोट ठेवून दाखवू द्या. त्यानंतर तिची भावंडं शोधायची : ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध. गोडी अशी चार नावांत विभागली गेली की एकेकीचा नंबर खाली सरकतो. हे मुलांना फार पटकन कळतं. "म्हणजे एकाच टीमचे चार खेळाडू वेगळ्या नावाने खेळवले," असं एका मुलाने वर्गात सांगितलं होतं. मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पोषणमूल्यांचा तक्ता. त्यात 'टोटल शुगर्स' आणि 'अ‍ॅडेड शुगर्स' अशा दोन ओळी असतात. आकडे १०० ग्रॅमसाठी असतात आणि 'एक सर्व्हिंग' बहुतेक ३० ग्रॅमचं धरलेलं असतं. समजा १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम साखर लिहिली आहे. मग ३० ग्रॅमच्या वाटीत ९ ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम साखर, तेव्हा सव्वादोन चमचे.

इथे थांबू नका. घरातली रोजची वाटी आणून, रोज जेवढं घेतो तेवढंच सिरीयल तिच्यात ओतायला सांगा आणि वजनकाट्यावर ठेवा. तीस ग्रॅमवर थांबणारा हात विरळाच. वाटी ५० ग्रॅमची निघाली तर साखर १५ ग्रॅम, म्हणजे पावणेचार चमचे. मुलांसमोर खरीखुरी साखर तेवढे चमचे मोजून बशीत काढा. त्यानंतर वर्गात जी शांतता होते तिच्यात भाषण करायची गरज नसते.

पुढचं गणित सातवी-आठवीला चांगलं जमतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेल्या, मधातल्या आणि फळांच्या रसातल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. एखाद्या मुलाची गरज १५०० किलोकॅलरी धरली तर तिचे ५ टक्के म्हणजे ७५ किलोकॅलरी. एक ग्रॅम साखर ४ किलोकॅलरी देते. म्हणजे दिवसभराची मर्यादा जेमतेम १९ ग्रॅम. त्यातले १५ सकाळी सातच्या आतच संपले! अजून डब्यातला जॅम, मधल्या सुट्टीतलं बिस्कीट आणि संध्याकाळचं बोर्नव्हिटावालं दूध बाकी आहे. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, तेही अशाच हिशोबापोटी. आपली शाळा कोणत्याही बोर्डाची असो, फळ्याचा एक कोपरा त्यासाठी द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

जाता जाता एक गंमत. या सगळ्या सिरीयलांचं मूळ अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावच्या आरोग्यधामात आहे. तिथले डॉ. जॉन हार्वे केलॉग रुग्णांना साधा, शाकाहारी, पचायला हलका आहार देत. धान्याचे फ्लेक्स त्यातूनच आले. धाकट्या भावाला, विल केलॉगना, ते बाजारात विकायचे होते आणि चवीसाठी साखर घालायची होती. डॉक्टरांना साखर मान्य नव्हती. १९०६ साली विल यांनी स्वतंत्र कंपनी काढली. म्हणजे "साखर घालायची की नाही" हा आपल्या ओट्यावरचा वाद सव्वाशे वर्षं जुना आहे.

गूळ, मध, खजूर : यांना साखर म्हणायचं का?

पालक सभेत हा प्रश्न हमखास येतो. "आम्ही साखर देतच नाही हो, सगळं गुळाचं करतो." गुळाला चव आहे, त्यात थोडीफार खनिजं आहेत, पण तो बहुतांशी साखरच आहे. मधाचंही तेच. (आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नये, हे यानिमित्ताने सांगून ठेवते.) खजुराचं थोडं वेगळं आहे. त्यात तंतू असतात, पण १०० ग्रॅम खजुरात साखर ६५ ग्रॅमच्या आसपास भरते, हेही खरं.

मग आपल्या पदार्थाला 'शुगर फ्री' म्हणता येईल का? भारतातल्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच ते शब्द पाकिटावर छापता येतात. आपण तर खजूर घालणार. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनुसार, म्हणजे कोडेक्सनुसार, साखरेच्या जागी सुक्या फळांची पेस्ट वापरली असेल तर 'साखर घातलेली नाही' असा दावाही करता येत नाही. म्हणून या लेखाचं शीर्षक घरगुती बोलण्यातलं समजा, कायद्याच्या भाषेतलं नव्हे. मुलांपासून हे लपवू नका. उलट पदार्थ झाल्यावर डब्याला लावायची चिठ्ठी त्यांनाच लिहू द्या.

गोळ्या किंवा थेंबांची कृत्रिम गोडी घालून साखर शून्यावर आणता येते. मी ती मुलांसाठी सुचवत नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशी गोडी वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. आणि आपल्याला मुळात कमी गोडाची सवय लावायची आहे. तेवढीच गोडी दुसऱ्या बाटलीतून दिली तर जीभ होती तिथेच राहते. मुलाला मधुमेह असेल तर मात्र खजुरासकट सगळं डॉक्टरांना विचारूनच.

साहित्य

नाचणीचं पीठ १२० ग्रॅम, कणीक ६० ग्रॅम, कोको पावडर २० ग्रॅम (तीन पोह्याचे चमचे), तूप २५ ग्रॅम (दोन पोह्याचे चमचे), बिया काढलेले मऊ काळे खजूर ६ (सुमारे ४५ ग्रॅम), चिमूटभर मीठ, चिमूटभर दालचिनी पूड.

कोको घेताना डबा नीट वाचा. 'ड्रिंकिंग चॉकलेट' हे कोको नव्हे. त्यात साखर भरपूर असते. नुसत्या कोकोची चव कडू लागते. लागायलाच हवी. मीठ विसरू नका, त्याने हा कडूपणा सौम्य होतो. नाचणी घेण्याचं कारण तिच्यातलं कॅल्शियम : १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तांदूळ-गव्हापेक्षा कितीतरी पट जास्त. मोड आणून केलेलं पीठ मिळालं तर उत्तम. पण नाचणीत ग्लुटेन नाही, त्यामुळे नुसत्या नाचणीची पोळी लाटताना फाटते. कणीक तिला धरून ठेवते. हा मुद्दा विज्ञानाच्या तासाला दाखवायला छान आहे : दोन्ही पिठांचे वेगवेगळे गोळे भिजवा आणि मुलांना ताणून बघू द्या.

कृती

आपल्या शंकरपाळीचीच ही बहीण, फक्त न तळलेली आणि खूप पातळ.

खजूर अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून त्याच पाण्यासकट मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटा. नाचणीचं पीठ मंद आचेवर चार-पाच मिनिटं, खमंग वास येईपर्यंत कोरडंच भाजून गार करा. परातीत दोन्ही पिठं, कोको, मीठ, दालचिनी एकत्र चाळून घ्या. तुपाचं मोहन घालून पिठाला हाताने चोळा. खजुराची पेस्ट घालत घट्ट गोळा मळा. लागलं तरच चमचाभर पाणी. पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून लाटा, म्हणजे वरून पीठ भुरभुरावं लागत नाही. जाडी पोळीएवढी. काट्याने सगळीकडे टोचे मारा, नाहीतर फुगते. ओव्हन असेल तर कातणाने बोटाच्या पेराहून लहान चौकोन पाडा आणि १६० अंश सेल्सिअसला साधारण वीस मिनिटं भाजा. मध्ये एकदा हलवा. ओव्हन नसेल तर पोळी अख्खीच तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खाकऱ्यासारखी अर्धवट शेका, मग कात्रीने तुकडे करा आणि ते जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं परतत राहा. कात्रीने कापायचं काम मुलांना भयंकर आवडतं. शाळेत उपक्रम घेणार असाल तर मळणं, लाटणं, कापणं मुलांकडे आणि विस्तवाजवळ फक्त मोठी माणसं.

यातली एकच अवघड जागा म्हणजे तुकडे झाले की नाही हे ओळखणं. कोकोमुळे ते सुरुवातीपासूनच तपकिरी दिसतात, रंगावरून काही कळत नाही. नाकावर भरवसा ठेवा : चॉकलेटचा गोड वास आला की आच बंद करायची वेळ जवळ आली, जळका कडवट वास आला की उशीर झाला. शिवाय गरम असताना तुकडा मऊच लागतो. एक बाहेर काढून दोन मिनिटं गार करा आणि मोडून बघा. कटकन मोडला तर झालं.

पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. दहा-बारा दिवस टिकतात. पावसाळ्यात सादळले तर कढईत पाच मिनिटं परतून घ्या. लहान भावंडांसाठी तुकडे दुधात मऊ होऊ द्या, आणि वरून शेंगदाणे-बदाम घालायचे तर कूट करूनच. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे घशात अडकू शकतात.

आता चिठ्ठी. हे सगळं मिळून साधारण अडीचशे ग्रॅम भरतं, म्हणजे ३० ग्रॅमच्या आठ वाट्या. ४५ ग्रॅम खजुरातली साखर सुमारे २९ ग्रॅम. वाटीला साडेतीन ग्रॅमच्या आसपास, एक चमचाही नाही. पाकिटातले ९ आणि आपले साडेतीन, हा फरक मुलांनी स्वतः काढलेला असतो, म्हणून त्यांना तो खरा वाटतो. दुधातली नैसर्गिक साखर दोन्हीकडे सारखीच, ती हिशोबात वेगळी ठेवा.

गार दूध की गरम?

परदेशी सिरीयल गार दुधात खायची रीत आहे. आपल्याकडे सकाळचं दूध तापवलेलं. १९९४ मध्ये केलॉग कंपनी भारतात आली तेव्हा या गरम दुधानेच तिची पंचाईत केली होती : पातळ फ्लेक्स त्यात लगेच लिबलिबीत व्हायचे. आपले तुकडे जाड असल्याने तग धरतात, पण किती? दोन वाट्या, एकीत गार दूध, एकीत गरम, हातात घड्याळ, दर अर्ध्या मिनिटाला एक तुकडा चावून कुरकुरीत की मऊ ते लिहायचं. निरीक्षण, नोंद, तक्ता, आलेख सगळं यात येतं. वर नाश्ताही होतो.

जीभ वळवायला वेळ लागतो

पालकहो, पहिल्याच दिवशी मूल नाक मुरडेल, हे धरून चाला. दुकानातल्या गोडीची सवय एका सकाळी जात नाही. पहिल्या घाण्याला दहा खजूर घाला, पुढच्या आठवड्यात आठ, मग सहा. सुरुवातीला दुकानातलं आणि घरचं अर्धं-अर्धं मिसळलं तरी चालेल. शेवटच्या टप्प्यात खजूर अजिबात न घालता तुकडे करायचे आणि वाटीत पिकलेल्या केळ्याच्या चकत्या घालायच्या. गोडी फळाची, पीठ बिनगोडाचं. सगळी मुलं तिथवर येतीलच असं नाही. सहा खजुरांवर थांबलं तरी निम्म्याहून जास्त साखर कमी झालेली आहे. आजी-आजोबांना मात्र आधीच विश्वासात घ्या, नाहीतर मागून चमचाभर साखर पडते आणि तुमचा तक्ता चुकतो!

डब्याच्या तळाशी भुगा उरतो, तो टाकू नका. गरम दुधात दोन चमचे ढवळला की चॉकलेटचं दूध होतं, आणि दह्यात कालवला तरी चांगला लागतो.