एका वेशीचे अनेक द्वारपाल

आपल्या जिल्ह्यांत पवनी तालुक्यांत वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. त्याला 33 दरवाजे आहेत. पावसाळ्यांत पाणी सोडतांना एकच दरवाजा सताड न उघडतां अनेक दरवाजे अर्धा अर्धा मीटर उघडतात, हें आपण वर्तमानपत्रांत वाचतोंच. संगणकांच्या जाळ्यांतही हीच युक्ति योजितात.

शाळेंतील किंवा कचेरींतील संगणक आपसांत सहज बोलतात. परंतु बाहेरच्या जगाशीं बोलावयाचें तर त्यांना राउटर नांवाच्या यंत्रांतून जावें लागतें. तीच त्यांची गेटवे, म्हणजे गांवाची वेस. प्रत्येक संगणकास या वेशीचा एकच आयपी पत्ता सांगून ठेविलेला असतो. राउटर बंद पडला कीं सारे संगणक धडधाकट असूनही मुके होतात. दुसरा राउटर शेजारीं आणून ठेविला, तरी त्याचा पत्ता कोणास ठाऊक?

यावर तोड अशी कीं, पत्ता कोणा एका यंत्राचा न ठेवितां सर्वांचा सामाईक, केवळ मानलेला, असा ठेवावयाचा. 1998 सालीं प्रसिद्ध झालेली व्हीआरआरपी ही नियमावली याच तत्त्वावर आहे. एक राउटर काम करितो, दुसरा पहारा देतो. पहिल्याची हाक थांबली कीं दुसरा त्याची जागा घेतो. व्यवस्था चांगली, पण पैसे मोजून आणलेलें यंत्र वर्षभर रिकामें बसतें. काटकसरी हेडमास्तरांस हें खटकणारच!

सिस्को कंपनीच्या जीएलबीपी या पद्धतींत ही उणीव दूर केली आहे. बाहेर कांहीं धाडण्यापूर्वी संगणक ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ असा पुकारा करितो आणि उत्तरादाखल यंत्राची खूण, म्हणजे मॅक पत्ता, मागतो. गटांतील मुख्य राउटर एकटाच उत्तर देतो. परंतु गंमत ही कीं, पहिल्या संगणकास तो एक खूण सांगतो, दुसऱ्यास दुसरी, तिसऱ्यास तिसरी. वेस एकच समजून जो तो निरनिराळ्या द्वारपालाकडे जातो. असे चारपर्यंत द्वारपाल एका गटांत वांटणी घेऊं शकतात. दर 3 सेकंदांनीं ते एकमेकांस हाक देतात. 10 सेकंद एखादा गप्प राहिला, तर त्याची खूणही दुसरा धारण करितो आणि संगणकांस पत्ता लागत नाहीं. मात्र ही वांटणी संगणकांची आहे, भाराची नव्हे. एकानें चलच्चित्र पाहावयास घेतलें, तर त्याच्या वांट्याचा राउटर अधिक दमणार.

येथें एक हिशेब केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. दोन राउटरांची ताकद प्रत्येकीं 100 आणि एकूण भार 140 समजा. दोघेही 70 वाहतात, सर्वत्र आनंद. एक पडला कीं उरलेल्यावर 140 येतो, आणि 40 चा खोळंबा होतो. म्हणजे काम वांटलें गेलें, पण आधार उरला नाहीं. आणि हें संकटाच्या दिवसापर्यंत कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. एकूण भार एकट्याला पेलेल इतकाच असेल, तरच दुसऱ्याला आधार म्हणावें. शिवाय दोघांच्या बाहेर जाणाऱ्या तारा रस्त्याकडेच्या एकाच चरांत पुरलेल्या असतील, तर जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडतो. मग वेशीवर द्वारपाल दोन असोत कीं चार, कचेरी बंदच.