साक्षरता : दोन पिढ्यांतील अंतर आणि आपला दवाखाना

साक्षरता हा शिक्षणखात्याचा विषय, असे आपण वैद्यकीय व्यावसायिक सहसा मानतो. परंतु औषधाच्या पाकिटावर लिहिलेले 'जेवणापूर्वी' हे शब्द ज्या रुग्णाला वाचता येत नाहीत, त्याच्या बाबतीत हा विषय आपलाही होतो.

जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणतीही एक भाषा समजून वाचू व लिहू शकते, ती साक्षर होय. २०११ च्या जनगणनेत उज्जैन जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता सुमारे ८३ टक्के, तर स्त्रियांची सुमारे ६१ टक्के होती. मात्र या सरासरीत शाळकरी नात आणि तिची आजी एकत्र मोजल्या जातात. वयोगट वेगळे केल्यास चित्र बदलते. त्याच वर्षी देशात १५ वर्षे व त्यावरील पुरुषांपैकी सुमारे ७९ टक्के व स्त्रियांपैकी ५९ टक्के साक्षर होत्या. १५ ते २४ या वयोगटात हेच प्रमाण अनुक्रमे ९० व ८२ टक्के होते. प्रौढांमधील वीस अंकांची दरी तरुणांत आठांवर आली होती.

ज्या देशात १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालविताना जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना समाजाचा रोष पत्करावा लागला, तेथे हा बदल निश्चितच आनंदाचा आहे. पण शाळेमुळे नवी पिढी साक्षर होते. जी स्त्री शाळेत गेलीच नाही, ती तशीच वृद्ध होते. २०११ साली पन्नाशीत असलेली निरक्षर स्त्री आज साठी ओलांडून गेली आहे. मधुमेह, रक्तदाब व त्यांची रोजची औषधे नेमकी याच वयात तिच्या वाट्याला येतात.

माळव्यातील खेड्यांतून येणाऱ्या अशा माँजींसोबत पुष्कळदा नात असते व तीच गोळ्यांची पट्टी वाचते, असा माझा अनुभव आहे. ही मोठी सोय खरी. परंतु अंग बाहेर येणे किंवा अंगावरून जाणे यांसारख्या तक्रारी माँजी नातीसमोर अथवा मुलासमोर उच्चारीत नाहीत आणि आजार बळावतो. संमतिपत्रावर उमटलेला अंगठाही मजकूर समजल्याचा पुरावा नव्हे.

म्हणून मला पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात :

१. 'वाचता येते का?' असे चारचौघांत विचारून संकोचात टाकू नये; औषध कसे घेणार, हे रुग्णाकडूनच वदवून घ्यावे.

२. पाकिटावर सूर्य व चंद्राच्या खुणा काढाव्यात.

३. प्रत्येक स्त्री रुग्णाशी, स्त्री परिचारिकेच्या उपस्थितीत, काही क्षण नातेवाइकांविना बोलावे.

४. संमतिपत्र तिच्या बोलीत समजावून सांगावे.

केंद्र सरकारने २०२२ साली १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी सुरू केलेला 'उल्लास' कार्यक्रम स्वयंसेवकांच्या बळावर उभा आहे. आपल्या घरातील निवृत्त शिक्षिका व महाविद्यालयीन मुले त्यात सहभागी होऊ शकतील. साठीतील स्त्रीला स्वतःच्या गोळीचे नाव वाचता आले, तर तिची प्रकृती काही अंशी तिच्या स्वतःच्या हाती येईल.