रक्तावरोध आणि ऊतकांचा मृत्यू

रोहिणी बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेला भाग मरणारच, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तसे नेहमीच घडत नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ यूलिउस कोनहाइम यांनी १८७२ साली बेडकाच्या जिभेवरील प्रयोगांच्या आधारे याचे कारण सांगितले. रोहिणीच्या शाखा शेजारच्या शाखांशी जोडलेल्या असतील, तर रक्त आडवाटेने पुढे पोचते. जिला अशी आडवाट नाही, ती ‘अंत्य रोहिणी’ होय. मूत्रपिंडातील रोहिण्या या प्रकारच्या आहेत. त्यांपैकी एखादी रक्ताच्या गुठळीने बंद झाली, की पाचरीच्या आकाराचा, फिकट असा मृत भाग तयार होतो. यालाच ‘अभिकोथ’ म्हणतात. फुप्फुसाला मात्र दोन मार्गांनी रक्त मिळते. म्हणून तेथे अभिकोथ बहुधा टळतो आणि झालाच, तर दुसऱ्या मार्गाचे रक्त झिरपून तो लाल दिसतो.

हृदयाच्या बाबतीत ‘झटका’ हा रूढ शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे. रक्त थांबताच मिनिटाभरात स्नायूचे आकुंचन मंदावते हे खरे. परंतु पेशी तेव्हा मेलेल्या नसतात. त्यांचा ऊर्जेचा साठा आटू लागतो, आम्ल साचते, सोडियम बाहेर टाकण्याची यंत्रणा थंडावते आणि आत शिरलेल्या पाण्याने पेशी फुगतात. एवढ्यात रक्त परत आले, तर ही हानी भरून निघते. वीस ते चाळीस मिनिटांनंतर मात्र पेशींची आवरणे फाटू लागतात व आतील प्रथिने रक्तात उतरतात. ट्रोपोनिनची तपासणी यावरच आधारलेली आहे.

तरीही सगळा स्नायू एकदम मरत नाही. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले, की मृत्यू आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा, काही तासांत सरकतो. ही लाट वाटेत अडविता येते. इटलीत सुमारे १२ हजार रुग्णांवर झालेल्या व १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा सर्वाधिक लाभ पहिल्या तासात उपचार मिळालेल्यांना झाला. छातीतील कळ अपचनाची समजून सकाळपर्यंत वाट पाहणारा रुग्ण नेमका हाच काळ गमावतो. मेंदूला तर याहूनही कमी अवधी मिळतो. रक्त पूर्णपणे थांबल्यास तेथील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात.

मेलेल्या हृदयस्नायूच्या जागी पुढील सहा ते आठ आठवड्यांत तंतुमय व्रण तयार होतो. तो चिवट असतो, पण आकुंचन पावू शकत नाही. त्याच्या वाट्याचे काम उरलेल्या स्नायूला करावे लागते.